चन्नाला पेलेटवर आणताना

पेलेट, म्हणजे माशांच्या कोरड्या खाद्याची गोळी, पाण्यावर पडला की चन्ना, म्हणजे मरळीच्या कुळातला शिकारी मासा, खालून सावकाश वर येतो, अंग किंचित आखडून घेतो, झडप घालतो आणि पुढच्याच क्षणी गोळी थुंकून टाकतो. बरेच जण इथेच हात टेकतात. 'हा फक्त लाइव्हच, म्हणजे जिवंत खाद्यच खातो' असं ठरवून गप्पी या छोट्या माशांची पिशवी आणायला निघतात. खरं तर थुंकणं हे चांगलं लक्षण आहे. त्यानं गोळीला भक्ष्य समजून तोंडात घेतलं, म्हणजे निम्मं काम झालं. आता त्याची तक्रार आहे ती कडकपणाबद्दल आणि चवीबद्दल. जो गोळीकडे ढुंकूनही बघत नाही, त्याला मात्र सुरुवातीपासून शिकवावं लागतं.

शिकार करताना चन्नाला आधी हालचाल दिसते, मग वास येतो आणि शेवटी तोंडात गेल्यावर मऊपणा नि चव कळते. जिवंत गप्पीवरून थेट कोरड्या पेलेटवर नेलं तर हे सगळं एकदम बदलतं, आणि मासा उपाशी राहणं पसंत करतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळा तपशील याच नियमातून निघतो.

आधी टाकी. नवा मासा आणला की पहिले आठ-दहा दिवस काही शिकवायला जाऊ नका. लपायला जागा, वर तरंगती झाडं आणि घट्ट झाकण एवढं हवं. झाकणाला वायरपुरती फट राहिली तरी चन्ना तिथून बाहेर उडी मारतो. झाकण आणि पाणी यांच्यात चार-पाच सेंटिमीटर हवा ठेवा, कारण तो वर येऊन श्वास घेतो. ब्लेहेरी, अँड्राओ, औरँटिमॅक्युलाटा या आसाम-उत्तर बंगालकडच्या जाती आहेत. हिवाळ्यात पाणी वीसच्या खाली गेलं की त्यांचं खाणं आपसूक मंदावतं. तो हट्ट नसतो, ऋतू असतो. त्या काळात शिकवणी बंद ठेवा. पाणी २४ ते २६ अंशांवर आलं की सुरू करा.

पहिला टप्पा गांडुळाचा. बागेतलं साधं गांडूळ घ्या, गांडूळखताच्या खड्ड्यातलं लाल नको. ते घाबरलं की पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतं आणि मासे तोंड फिरवतात. गांडुळं एक दिवस ओल्या कागदात ठेवली की पोटातली माती निघून जाते. सुरुवातीला अख्खं द्या, मग तुकडे. तुकडा काही काळ वळवळतो, नंतर थांबतो. थांबलेला तुकडा माशानं उचलला की पहिली पायरी ओलांडली.

दुसरा टप्पा चिमट्याचा, आणि खरी मेहनत इथेच आहे. २५-३० सेंटिमीटर लांबीचा, बोथट टोकाचा चिमटा घ्या. टोकदार चिमट्यावर झडप बसली तर जबडा फाटतो. कोळंबी सोलून, काळा दोरा काढून उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट घाला आणि माशाच्या तोंडाच्या निम्म्या रुंदीच्या पट्ट्या कापा. पट्टी अगदी टोकाशी धरा, म्हणजे बाकीची मोकळी हलेल. माशाच्या नाकासमोर खुपसू नका. कुठलंही भक्ष्य शिकाऱ्याच्या अंगावर चालून येत नाही. बाजूनं आणा, दोनदा झटका द्या, थांबा, आणि मग माशापासून दूर ओढा. पळणाऱ्या गोष्टीवर चन्ना हमखास तुटून पडतो. रोज एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात, पाच मिनिटं. नाही घेतलं तर पट्टी काढून टाका. दया येऊन त्याच संध्याकाळी गप्पी सोडलात तर 'नाही म्हटलं की गप्पी मिळते' एवढंच तो शिकेल.

आता पट्टीला चीर देऊन आत एक पेलेट लपवा. तीन-चार दिवसांनी दोन. मग पेलेटचं टोक बाहेर दिसू द्या आणि कोळंबी कमी करत जा. शेवटी कोळंबीच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजवलेला नुसता पेलेट. लसणाच्या अर्काचं कौतुक बरेच जण करतात. माझ्या मते कोळंबीचं पाणी पुरतं. दहा-बारा सेंटिमीटरच्या माशाला तीन मिलिमीटरचा तरंगता पेलेट बरा. मासा श्वासासाठी वर येतोच, आणि उरलेलं काढायलाही सोपं.

उपाशी किती ठेवायचं? चांगल्या पोसलेल्या, पंधरा सेंटिमीटरवरच्या माशाला आठवडाभर काही होत नाही. चार-पाच सेंटिमीटरच्या पिल्लांना मात्र दीड-दोन दिवसांपलीकडे ताणू नका. पोट आत गेलं, डोक्यामागची पाठ बारीक झाली, की मुकाट्यानं मागच्या पायरीवर या. पिल्लं सहा-आठ एकत्र असतील तर काम फार लवकर होतं. एकानं गोळी उचलली की बाकीची ती हिसकावायला धावतात. आकारात फरक पडू लागला की वेगळी करा, नाहीतर मोठं पिल्लू लाइव्ह फूडचा प्रश्न स्वतःच सोडवून टाकेल.

नेहमीची फसगत म्हणजे कोळंबीवरच अडकून पडणं. मासा चिमट्यातून छान खातो, मालकही खूश, आणि सहा महिने तेच चालू राहतं. नुसत्या कोळंबीत सगळी जीवनसत्त्वं नसतात; कच्च्या कोळंबीच्या काही जातींत जीवनसत्त्व बी-१ नष्ट करणारं थायमिनेज नावाचं विकर असतं. ते जिवंत खाद्य म्हणून देतात त्या गोल्डफिशमध्येही असतं, आणि फ्रीजरमध्ये ठेवल्यानं जात नाही. गरम केल्यावर जातं, म्हणून कोळंबी उकळून घेणं.

गप्प्यांचं म्हणाल, तर डासांसाठी सोडलेल्या गटारातल्या गप्प्या फुकट मिळतात आणि सोबत कॅमालॅनस जंतही आणू शकतात. माशाच्या गुदद्वारातून लाल दोऱ्यांसारखी टोकं लोंबताना दिसली की समजायचं. तोवर आतड्यात ते बरेच झालेले असतात.

एकदा गोळी लागली की पिल्लांना रोज दोनदा, मोठ्यांना आठवड्यातून तीन-चार वेळा, पोट किंचित गोल दिसेल इतकंच. अधूनमधून गांडूळ दिलं तर बिघडत नाही, फक्त गोळीच्या आधी नको. पेलेटचा डबा घेताना घटकांत पहिलं नाव फिशमीलचं, म्हणजे माशांच्या पुडीचं आहे ना ते बघा, आणि दोन-तीन महिन्यांत संपेल एवढाच घ्या. पावसाळ्यात उघड्या डब्यातली चरबी खवट होते. मग पेलेटवर आलेला मासाही पुन्हा थुंकायला लागतो, आणि आपण दोष देतो माशाला.