हिरोसाकीची छाटणी

२६ एप्रिल, हिरोसाकी

तोक्योतला साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, एप्रिलच्या सुरुवातीलाच आटोपला. इथे उत्तरेत, आओमोरीकडे, तो आत्ता गळायला लागलाय. शिनकान्सेन बुलेट ट्रेनने शिन-आओमोरी आणि पुढे साध्या गाडीने सकाळीच पोचलो. उन्हात बरं वाटत होतं, पण सावलीत गेलं की हुडहुडी.

किल्ला म्हणाल तर लहानसाच. त्सुगारू घराण्याने तो १६११ मध्ये पुरा केला. पाच मजली मनोरा १६२७ मध्ये वीज पडून जळाला, आणि आताचा तीन मजली मनोरा त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी उभा राहिला. खालची दगडी भिंत फुगून ढासळेल अशी भीती वाटली, तेव्हा २०१५ मध्ये हा मनोरा न उतरवता, आहे तसा सत्तरेक मीटर आत सरकवला. मला बांधकामापेक्षा त्या सरकवण्याचंच अप्रूप जास्त. बाकी रायगड चढलेल्या माणसाला इथे किल्ला पाहिल्यासारखं फारसं वाटणार नाही.

झाडं मात्र पाहावीत. किल्ल्याच्या बागेत साकुराची साधारण २६०० आहेत. सोमेई योशिनो या साकुराच्या जातीचं झाड साठ-सत्तर वर्षांत थकतं म्हणतात, पण इथे १८८२ मध्ये लावलेलं झाड अजून फुलतंय. जपानमध्ये 'साकुरा कापतो तो मूर्ख, उमे कापत नाही तो मूर्ख' अशी म्हण आहे (उमे म्हणजे जपानी आलुबुखार). साकुराची फांदी कापली की जखमेतून कूज शिरते, म्हणून त्याला सहसा कुणी हात लावत नाही. पण हिरोसाकी पडलं सफरचंदवाल्यांचं गाव, देशात सर्वात जास्त सफरचंद इथलं. महायुद्धानंतर बागेच्या माळ्यांनी म्हण गुंडाळून ठेवली आणि सफरचंदासारखी साकुराचीही छाटणी सुरू केली. हिवाळा सरता सरता, बर्फात उभं राहून, जुनं लाकूड काढायचं, कापाला लेप लावायचा, खत द्यायचं. एरवी फांदीवरच्या एका डोळ्यातून, म्हणजे अंकुरातून, तीन-चार फुलं निघतात, इथे चार-पाच, कधी त्याहून जास्त. एक घोस मी मोजलाच. सहा!

मी निफाडकडचा, द्राक्षवाल्याच्या घरातला, त्यामुळे सगळे वर बघत होते तेव्हा मी खोडं बघत होतो. एका जाड फांदीचा काप तर इतका स्वच्छ की बघत राहावं. खुंटी ठेवलेली नाही, साल कुठे फाटलेली नाही आणि कडेने नवी साल गोल वळून निम्मा काप झाकत आलेली. फांद्यांच्या मधे हृदयाच्या आकाराचं आकाश दिसतं, तिथे फोटोसाठी ही रांग. मी काही थांबलो नाही.

बाहेरच्या खंदकात पाकळ्यांचा एवढा थर साचलाय की पाणी दिसत नाही. याच्या फोटोंवर माझा कधी विश्वास नव्हता, रंग वाढवलेत वाटायचं. तर नाही, खरोखर असाच गुलाबी. काठाजवळ मात्र पाकळ्या तपकिरी पडून कुजायला लागल्यात आणि वासही येतो, तेवढं फोटोत कुणी घेत नाही.

त्या कापाचा फोटो काकांना पाठवला. घरी द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे एप्रिलातली छाटणी, चालू आहे, म्हटलं बघतील रात्री निवांत. पाच मिनिटांत फोन. फुलांबद्दल अक्षर नाही. "पेस्ट कसली लावतात ते विचार," म्हणाले, "आणि मजुरी काय पडते तेही. आपल्याकडे माणसं मिळेनात."