५० नंबरची चकती

फोनवर काकू म्हणाल्या होत्या, "ग्रॅनाइटचा ओटा आहे, बारा वर्षांचा. पार रया गेलीय त्याची. चकाचक करून हवाय."

कोथरूडातला तिसरा मजला, लिफ्ट बंद. ग्राइंडर, बादल्या, डायमंडच्या चकत्यांचा डबा, बफ हे सगळं वर पोचेस्तोवर हाताखालचा पोरगा घामाघूम झाला. ओटा लांबून पाहिला. राखाडी, त्यावर काळे-पांढरे ठिपके, सिंकच्या बाजूला चरेच चरे. नेहमीचंच काम.

वडील कडप्पा हातानं घासायचे. त्यांची एक सवय मला लागली आहे. हत्यार काढण्याआधी ओट्यावर तळहात टेकवायचा. दगड उन्हाळ्यातसुद्धा हाताला गार लागतो. त्या दिवशी नेमका दुसऱ्या साइटवरून फोन आला आणि मी बोलत बोलत गॅलरीत गेलो. जाता जाता पोराला सांगितलं, "५० नंबर, ती जाड खरखरीत चकती लाव, सिंकच्या कोपऱ्यापासून सुरू कर."

दोन मिनिटांत त्याची हाक आली. "दादा, दगड दुधाळ निघतोय!"

ग्रॅनाइट घासताना राखाडी गाळ निघतो. इथे ओट्यावरून पातळ ताकासारखं पाणी ओघळत होतं, वर प्लास्टिक तापल्याचा वास. मी धावत जाऊन मशीन बंद केलं आणि मग, उशिरा, तळहात टेकवला. कोमट. बोटानं वाजवलं तर दगडाचा टणत्कार नाही, बद्द आवाज. खाली वाकून पाहिलं. समोरून दीड इंच जाड दिसणारी कड चिकटवलेल्या पट्टीची होती, आतली शीट जेमतेम १२ मिलिमीटर.

आमच्या धंद्यात याला 'कोरियन' म्हणतात. ते खरं ड्युपाँटच्या मालाचं नाव, पण कुठल्याही फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतो ना, तसं. ॲक्रेलिकमध्ये ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची बारीक पूड घालून ओतलेली शीट असते ती. ग्रॅनाइटवर साध्या सुरीनं चरा उठत नाही, यावर सहज उठतो. आणि आम्ही त्यावर दगड खाणारी चकती फिरवली होती. थाळीएवढ्या जागेत गोल गोल खोल ओरखडे पडले होते.

लपवण्यात अर्थ नव्हता. काकूंना बोलावून दाखवलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. त्या माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. त्या हॉलकडे वळल्या. "अहो, ऐकलंत का? हा ग्रॅनाइट नाहीच म्हणे!"

काकांनी पेपर खाली केला. "मी 'ग्रॅनाइटसारखा' म्हणालो होतो. तू अर्धंच ऐकलंस."

यात माझं एक नशीब होतं. सनमायका घासला तर खालचा तपकिरी थर उघडा पडतो. या शीटचा रंग मात्र वरपासून खालपर्यंत एकच असतो, त्यामुळे ओरखड्याच्या तळापर्यंत घासत गेलं की तीच नक्षी पुन्हा वर येते. फक्त हत्यार वेगळं लागतं. मॉड्युलर किचनवाल्या एका मित्राकडून ऑर्बिटल सँडर, म्हणजे पॉलिश पेपर लावून घासायचं मशीन, आणला. ग्रॅनाइट आम्ही ओला घासतो, कारण त्याच्या कोरड्या धुळीतली सिलिका छातीत बसते. हे काम कोरडंच करायचं ठरवलं. त्याचीही धूळ काही कमी उडत नाही. तोंडाला मास्क, देव्हाऱ्यावर प्लास्टिक, फ्रिजवर जुनी चादर.

ओट्यावर पेन्सिलीनं जाळी काढली. जाळी पुसली गेली की समजायचं, सगळीकडे सारखं घासलंय. आधी १०० नंबरचा जाड पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक १८०, मग ३२०, शेवटी राखाडी स्कॉचब्राइट. एकदा उभं, एकदा आडवं, मध्ये प्रत्येक वेळी ओल्या फडक्यानं पुसायचं, नाहीतर जाड पेपरचा एखादा कण राहतो आणि नवा चरा पाडतो. एका जागी रेंगाळायचं नाही. पोरगा ओरखडे घालवायच्या घाईत तिथेच दाबून धरत होता. दोनदा ओरडलो, मग सँडर स्वतःच घेतला.

मिक्सरच्या जागेवर हळदीचा पिवळा डाग होता. काकू म्हणाल्या, "साडीवरची हळद उन्हात उडते. ओटा कुठल्या दोरीवर वाळत घालू?" तो १८० नंबरला गेला. कुकरची पिवळट चंद्रकोरही गेली. शेगडीसाठी कापलेल्या चौकोनाच्या कोपऱ्यात मात्र केसाएवढी चीर होती. तो कोपरा गोल न ठेवता काटकोनात कापलेला, आणि अशा कोपऱ्यावर उष्णतेचा सगळा ताण येतो. घासून ती जाणार नव्हती. तिथे पट्टी कापून जोडावी लागते, ते माझं काम नाही. मित्राचा नंबर दिला.

मग चकाकीवरून वाद. काकूंना आरसा हवा होता. मी खिडकीजवळ वीतभर जागा बारीक पेपर आणि पॉलिश मारून तशी करून दाखवली. छान दिसली. त्यावरून डाळीचा स्टीलचा डबा ओढला, लगेच पांढरी रेघ. शेजारच्या मॅट भागावर तोच डबा ओढला तर रेघ शोधावी लागली. काकू जरा वेळ बघत राहिल्या. "मॅटच करा. यांना सांगू नका, ते आधीपासून तेच म्हणत होते."

संध्याकाळी ट्यूबलाइट लावली. खिडकीपासून सिंकपर्यंत तिचं फिकट प्रतिबिंब सरळ आलं आणि ५० नंबर फिरला होता तिथे किंचित वाकलं. खळगा. पैसे ठरल्यापेक्षा निम्मेच घेतले, आणि काकूंचं बोट धरल्यासारखं करून ती जागा दाखवली. त्यांनी डोकं तिरकं करून पाहिलं, मिक्सर उचलला आणि बरोब्बर तिथे आणून ठेवला.

"हळद आता इथे सांडेल," म्हणाल्या, "चहा घेऊन जा दोघं."