जिंकतायत, पण बघवत नाही

टार्गेट कुणाला नसतं, पण "दर गेमला सरासरी 25 पॉइंट" असं टार्गेट काँट्रॅक्टमध्येच लिहून दिलेला कोच मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहायला आल्यावरच बघितला. ब्रायन फेरेन्झ. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या आयोवा हॉकाइज या कॉलेज टीमचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, इकडे सगळे नुसतं ओसी म्हणतात, आणि हेड कोच कर्क फेरेन्झ यांचा सख्खा मुलगा. फेब्रुवारी 2023 मध्ये त्याचा पगार 9 लाख डॉलरवरून 8 लाख 50 हजारांवर आणला आणि अट घातली की 13 गेममध्ये 325 पॉइंट झाले पाहिजेत आणि किमान 7 गेम जिंकले पाहिजेत, नाहीतर काँट्रॅक्ट संपलं. सरकारी युनिव्हर्सिटी, त्यामुळे काँट्रॅक्ट पब्लिक, त्यामुळे सीडर रॅपिड्समधल्या आमच्या ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी उभा असलेला प्रत्येक माणूस त्या सीझनला गणिताचा मास्तर झाला होता. डिफेन्सने, म्हणजे समोरच्याला अडवणाऱ्या पोरांनी, बॉल पळवून केलेले पॉइंटसुद्धा त्या 325 मध्ये धरायचे होते हं, म्हणजे पेपरात दुसऱ्याने लिहिलेलं उत्तरही चालणार होतं. सीझनचा पहिला गेम यूटा स्टेटशी होता आणि आयोवाने तो जिंकला, पॉइंट किती, तर 24. चोवीस! एक कमी. त्या सोमवारी ऑफिसात कुणी जिंकल्याचं बोललंच नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या टीमकडे बॉल आला की प्रत्येक प्लेला काय करायचं, कुणी पळायचं, कुणाकडे फेकायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे ओसी. वर काचेच्या बॉक्समध्ये किंवा खाली साइडलाइनला हेडसेट लावून उभा असतो आणि एका गेममध्ये साठ-सत्तर वेळा, प्रत्येक वेळी काही सेकंदात, निर्णय देतो. प्ले चालला तर बॉल फेकणारा क्वार्टरबॅक भारी, नाही चालला तर ओसी गाढव. इतकं सोपं आहे. शिवाय हेड कोचला काही बोलायची सोय नसते, निदान आयोवात तरी नाही, कर्क फेरेन्झ 1999 पासून तिथेच आहेत आणि लोक त्यांच्याबद्दल घरातल्या मोठ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात, म्हणजे हळू आवाजात आणि ते नसताना. मग सगळा राग खालच्या माणसावर. आणि इथे तर खालचा माणूस म्हणजे त्यांचाच मुलगा, त्यामुळे एका दगडात दोन पक्षी मारल्याचं समाधान. नात्यागोत्याच्या नियमामुळे कागदोपत्री ब्रायन बापाला रिपोर्टच करायचा नाही, तो अॅथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खेळांच्या प्रमुखाला, रिपोर्ट करायचा. हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, अगं आपल्याकडे साखर कारखान्यात पण असंच असतं.

आता खरी गंमत ऐका. हे लोक ज्या टीमवर एवढे चिडलेले होते ना, ती टीम जिंकत होती! 2023 मध्ये आयोवा 10 गेम जिंकलं, बिग टेन या आपल्या लीगचा वेस्ट गट जिंकलं. विस्कॉन्सिन 15-6, नॉर्थवेस्टर्न 10-7, इलिनॉय 15-13, नेब्रास्का 13-10, असे एकेक स्कोअर. आणि ऑफेन्स? एका गेममध्ये किती यार्ड काढतात या हिशोबात देशातल्या 133 टीममध्ये शेवटचा नंबर. शेवटून दुसरा नाही, शेवटचा. त्याच्या आदल्या वर्षी तर साउथ डकोटा स्टेटला 7-3 हरवलं होतं त्यात एक फील्ड गोल (लाथेने बॉल खांबांमधून, 3 पॉइंट) आणि दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच टोकाला अडवलं की 2 पॉइंट), टचडाउन, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपार नेणं, एकही नाही, ते सातही पॉइंट कसे झाले हे समजावून सांगताना माझ्या टीम लीडला स्वतःलाच हसू आवरत नव्हतं. बॉल पुढे नेता येत नाही म्हणून लाथ मारून समोरच्याला देऊन टाकायचा, त्याला पंट म्हणतात, तर तो पंट मारणारा टोरी टेलर, मेलबर्नचा ऑस्ट्रेलियन पोरगा, हाच टीमचा सगळ्यात लाडका हीरो. त्याने त्या सीझनला एकूण 4,479 यार्डांचे पंट मारले आणि 1938 पासूनचा विक्रम मोडला. "पंटिंग इज विनिंग" लिहिलेले टी-शर्ट घालून लोक टेलगेटला, म्हणजे गेमआधीच्या पार्किंगमधल्या पार्टीला, यायचे, बायका-पोरांसकट, अगदी अभिमानाने. म्हणजे ज्या गोष्टीची लाज वाटायची तिचाच शर्ट छापून घातला होता.

मला हे सगळं परकं वाटलं नाही त्याचं कारण आमचे बाबा. बाबा दादरचे, रणजीवाले, मुंबईचा खडूसपणा रक्तात. एक-एक रन, विकेट टाकायची नाही, समोरचा कंटाळून चूक करेल तोपर्यंत खेळत राहायचं, पाहणाऱ्याला मजा येते का हा प्रश्नच फालतू. आयोवा अगदी तस्सं खेळतं. फक्त फरक असा की मुंबईने त्या खडूसपणावर 42 वेळा रणजी जिंकली आणि त्यामुळे कुणी हसत नाही, आयोवावर मात्र अख्खा देश हसत होता. टीव्हीवरचे लोक हसायचे, सट्टेवाले दोन्ही टीमचे मिळून पॉइंट किती याचा आकडा लावताना आयोवाचा गेम आला की इतका खाली आणायचे की त्याचीच बातमी व्हायची. मला वाटतं इथल्या लोकांना हरण्याचा त्रास नव्हता, या हसण्याचा होता. आयोवाचा माणूस शांत असतो, बढाई मारत नाही, मक्याचं पीक कसं आलंय विचारलं तर "ठीक आहे" म्हणतो आणि ते विक्रमी असतं. पण चिडवलेलं त्याला आवडत नाही.

मग 21 ऑक्टोबरला मिनेसोटाचा गेम आला. शेवटच्या मिनिटांत आमच्या कूपर डीजीनने पंट पकडून थेट टचडाउन मारला आणि किनिक स्टेडियमात जवळजवळ सत्तर हजार लोक नाचत असताना रेफरीने सांगितलं की पकडायच्या आधी त्याने हात हलवला, तो 'मी पळणार नाही' असा इशारा धरला जातो, टचडाउन रद्द. 12-10 हरलो. (बघा, मी पण "हरलो" म्हणायला लागले.) त्यानंतर 9 दिवसांत बेथ गेट्झ, त्या तेव्हा इंटरिम अॅथलेटिक डायरेक्टर होत्या, त्यांनी जाहीर केलं की सीझन संपला की ब्रायन जाणार. सीझनच्या मधोमध! वडिलांना ते आवडलं नाही हे त्यांच्या प्रेस कॉन्फरन्सला चेहऱ्यावर दिसतच होतं. आणि जायच्या आधीचे शेवटचे दोन गेम, बिग टेन फायनलला मिशिगनकडून 26-0 आणि 1 जानेवारीला सिट्रस बोल या सीझनअखेरच्या गेममध्ये टेनेसीकडून 35-0. भोपळा आणि भोपळा. सरासरी 15.4 वर थांबली, 25 राहिले बाजूला.

पण मला सांगायचंय ते पुढच्या महिन्याबद्दल. आयोवातला जानेवारी म्हणजे बाहेर उणे वीस, गाडी सुरू करायला जीवावर येतं, फुटबॉल संपलेलं, आणि ओसीची खुर्ची रिकामी. यापेक्षा भारी करमणूक नाही! जो तो उमेदवार सुचवतोय. माझा टीम लीड, शेतावर वाढलेला, शुक्रवारी न चुकता काळं-पिवळं हूडी घालणारा, त्याला पॉल क्रिस्ट पाहिजे होते, विस्कॉन्सिनचे माजी हेड कोच, कारण ते "आपल्यासारखेच आहेत". मी म्हटलं आपल्यासारखेच असतील तर मग बदल कशाला? तर म्हणाला, तसं नाही, आपल्यासारखे पण पॉइंट करणारे. आमच्याकडचा एक नवीन जॉइन झालेला पोरगा, त्याला एकदम स्प्रेड ऑफेन्स हवा, चार-पाच रिसीव्हर, म्हणजे बॉल पकडणारे, पसरवायचे, मधे घोळका करून ठरवत बसायचं नाही, धडाधड प्ले, कुणीतरी पस्तिशीतला आणा म्हणे. त्यावर टीम लीडने त्याच्याकडे असं पाहिलं जसं काही पोराने शेत विकून कसिनो काढायचं सुचवलंय. आणि शेजारच्या आजी, कर्कच्या आधीचे कोच हेडन फ्राय यांच्या काळापासून सीझन तिकीट असलेल्या, त्या ड्राइव्हवेवर बर्फ काढता काढता मला म्हणाल्या की ओसी कुणीही आणा, आधी क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहणारे पाच जण धड आणा. मला तर त्यांचंच पटलं खरं सांगायचं तर. डीकन हिल बिचारा बॅकअप क्वार्टरबॅक, पहिला केड मॅकनमारा गुडघा मोडून बसलेला, त्या पोराला बॉल फेकायला वेळच मिळत नव्हता, तिथे वर काचेत बसून कुणी कितीही हुशार प्ले सांगितला तरी काय घंटा होणार.

आमचे हे वेगळेच. यांना माणसात रस नाही, एक्सेलमध्ये. कुठल्या ओसीच्या हाताखाली प्रत्येक प्लेला किती यार्ड, रेड झोनमध्ये, म्हणजे शेवटच्या वीस यार्डांत, किती टक्के. पण या आकड्यांची एक गंमत आहे, ते दुसऱ्या गावचे असतात. ग्रेग डेव्हिसचंच घ्या ना. टेक्सासचा ओसी, 2005 चा नॅशनल टायटल जिंकलेला माणूस, 2012 ला आयोवात आणला तेव्हा लोक हवेत होते, आणि पहिल्याच सीझनला 4-8. कारण टेक्सासला विन्स यंगसारखा क्वार्टरबॅक होता, आयोवात नव्हता. मग त्याच डेव्हिसवर तीन वर्षं दात खाल्ले आणि 2015 ला त्याच्याच हाताखाली टीम रेग्युलर सीझनचे बाराच्या बारा गेम जिंकली. आणि ब्रायन? नोव्हेंबर 2017 ला ओहायो स्टेटला 55-24 धुतलं तेव्हा ओसी कोण होता? ब्रायनच. त्या संध्याकाळी बाप-लेकाचं कौतुक करणारे आणि 2023 ला बोटं मोडणारे लोक तेच. वरून हे पण बघा, ओकीफ, डेव्हिस, ब्रायन, पंचवीस सीझनमध्ये फेरेन्झनी फक्त तीन ओसी वापरले. म्हणजे इथल्या माणसाला ही चर्चा करायची संधी सात-आठ वर्षांतून एकदा मिळते, तर तो ती पुरवून पुरवून खाणार नाही का!

महिनाभर असं सगळं उकळल्यावर निघालं कोण, तर टिम लेस्टर. कॉफी मशीनपाशी शांतता. मग "कोण?" मग "वेस्टर्न मिशिगनवाला ना, काढून टाकलेला?" हो, तोच, 2022 ला 5-7 झाल्यावर हेड कोच म्हणून काढलेला, नंतर वर्षभर ग्रीन बे पॅकर्स या प्रोफेशनल टीमकडे अॅनालिस्ट. ज्या वेस्टर्न मिशिगनला आयोवाने त्याच 2023 मध्ये 41-10 हरवलं होतं, ब्रायनच्या त्या सीझनमधला सगळ्यात मोठा स्कोअर! म्हणजे ज्यांच्यावर आपला रद्दड ऑफेन्सही चालला त्यांनीच नाकारलेला माणूस आपण आणला, असा त्या स्प्रेडवाल्या पोराचा युक्तिवाद. टीम लीड मात्र दुपारपर्यंत खूश, कारण लेस्टरला पॅकर्सचा आउटसाइड झोन, म्हणजे कडेने पळायची पद्धत, येतो आणि आयोवा वर्षानुवर्षं तोच रन खेळतंय, टाइट एंडला (अडवतोही आणि बॉल पकडतोही तो) बॉल, हिशोबात खेळ, फक्त आता हालचाल जरा जास्त. किटल, हॉकेन्सन, लापोर्टा असे टाइट एंड तयार करणाऱ्या गावाला दुसरं काय पाहिजे. मला तेव्हा पक्कं कळलं की यांना नवीन घर नकोच होतं, त्याच घराला रंग हवा होता. आणि त्यात मला काही चुकीचंही वाटत नाही. त्या पोराचा स्प्रेड इथे आणला असता आणि 12 मधले 5 गेम 45-48 असे हरलो असतो तर हेच लोक टोरी टेलरचे शर्ट कपाटातून काढून रडले असते.

2024 च्या ऑगस्टच्या शेवटी पहिला गेम, इलिनॉय स्टेट. स्वतः कर्क फेरेन्झ त्या दिवशी सस्पेंड, नियम मोडून एका खेळाडूशी आधीच बोलले म्हणून, म्हणजे साहेब घरी आणि नवीन माणसाचा पहिला दिवस. हाफटाइमला स्कोअर 6-0. आमच्याकडे जमलेल्या मंडळींमध्ये, पावभाजीवर लोणी टाकता टाकता, "बघा, मी म्हटलं नव्हतं" सुरू झालं. गेम संपला 40-0. सगळे लेस्टरचे मामा-काका झाले. पुढच्याच शनिवारी आयोवा स्टेटकडून घरच्या मैदानावर 20-19 हरलो आणि सोमवारी टीम लीडने हूडीची टोपी डोक्यावर ओढून घेत विचारलं की सेकंड हाफमध्ये हा माणूस नेमकं काय करत होता.

सीझनअखेर सरासरी 27 च्या वर गेली, म्हणजे ब्रायनची ती 25 ची अट लेस्टरला असती तर आरामात पार. केलेब जॉन्सनने एकट्याने 1,537 यार्ड पळून काढले, 21 टचडाउन. तरी वाद आहेच, कारण पासिंग त्या सीझनलाही देशात तळाच्याच आसपास होतं, आणि केलेब नंतर एनएफएलला, म्हणजे प्रोफेशनल लीगला, गेला. आमचे हे म्हणतात सगळं केलेबमुळे झालं, ओसीचा त्यात संबंध नाही. टीम लीड म्हणतो केलेब आदल्या वर्षी पण टीममध्ये होता ना, मग तेव्हा का नाही पळाला? आणि तो पोरगा म्हणतो ते सगळं सोडा, थर्ड डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, आठ यार्ड हवे असताना रन कोण करतं.