तुम्ही विचारलंत म्हणून: पोरगी तिकडं सेफ राहील ना?

दहावी-बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला सुरुवात होते. कोणी अहमदपूरहून, कोणी गंगाखेडहून, कोणी परळीकडून, नात्यातले, जुन्या विद्यार्थिनींच्या घरचे, शेजाऱ्यांचे पाहुणे, आणि मार्क, फी, कटऑफ सगळं बोलून झालं की शेवटी आवाज जरा खाली आणून तेच विचारतात, "मॅडम, पोरगी तिकडं सेफ राहील ना?" मी लातुरात बरीच वर्षं शिकवते, मुलींच्या हॉस्टेलची रेक्टरही होते, त्यामुळं लोकांना वाटतं की ह्यांना माहीत असणार. फोनवर हे पूर्ण सांगून होत नाही, म्हणून एकदाच नीट लिहून काढते.

आधी एक सांगते, तुमची काळजी खोटी नाही. सोळा वर्षांचं लेकरू पहिल्यांदा घराबाहेर पाठवायचं, शहरात ओळखीचं कोणी नाही, टीव्हीवर रोज काही ना काही दाखवतात, झोप कशी लागणार. पण काळजीपोटी तुम्ही जे प्रश्न विचारता ना, त्यावर मला बोलायचंय. हॉस्टेल बघायला आलेल्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात, कॅमेरे आहेत का, गेट किती वाजता लावता, मोबाईल जमा करून घेता का, रविवारी बाहेर सोडता का. म्हणजे सगळी चौकशी पोरीला किती बांधून ठेवता याचीच. तिला काही झालं तर ती कोणाकडं जाईल, हे फार कमी जण विचारतात, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

गेटवरचं रजिस्टर घ्या. नाव, रूम नंबर, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, बाहेर जाण्याचं कारण असे रकाने असतात आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द दिसतो, झेरॉक्स. कोणी मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेलेली असते, कोणी पोटात दुखतंय म्हणून मेडिकलवर, कोणी नुसती भाजी-भाकरी खायला बाहेर, पण लिहिताना झेरॉक्स, कारण खरं लिहिलं की घरी फोन जातो हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळतं. ते रजिस्टर दाखवून आमच्याकडं शिस्त आहे असं सांगणाऱ्या हॉस्टेलात पोरगी कुठं आहे हे खरं तर कोणालाच माहीत नसतं. मी रेक्टर झाल्यावर कारणाचा रकाना काढून टाकला आणि त्याऐवजी कुठं आणि कोणासोबत एवढंच लिहायला सांगितलं, घरी फोन करायचा नाही असं ठरवलं, तेव्हा कुठं खऱ्या जागा लिहून यायला लागल्या.

आता एका मुलीचं सांगते, गाव सांगत नाही. अकरावीला होती, संध्याकाळच्या बॅचला ट्यूशन एरियात जायची. एक पोरगा क्लासपासून आमच्या कोपऱ्यापर्यंत रोज गाडीवर मागं यायचा, बोलायचा काही नाही, नुसती गाडी स्लो करून तिच्या बाजूनं चालवायचा. हिनं आधी रस्ता बदलला, मग स्कार्फ डोळ्यांपर्यंत बांधायला लागली, मग मैत्रिणीच्या वेळा जुळवून बघितल्या, आणि शेवटी संध्याकाळची बॅचच सोडून दिली आणि घरी सांगितलं की सर नीट शिकवत नाहीत. टेस्टचे मार्क घसरले तेव्हा घरून रागावले की तिकडं काय करायलीस म्हणून. इतकं होऊनही ती आईवडिलांना बोलली नाही, मलाही नाही, बोलली ती आमच्या मेसच्या मावशींना, पोळ्या लाटताना शेजारी बसून. आणि बोलल्याबरोबर म्हणली, "मावशी, कोणाला सांगू नका, पप्पा घरी घेऊन जातील."

मावशींनी तिला समजावून माझ्याकडं आणलं. महिला पोलिसांच्या दामिनी पथकाला फोन केला, त्या साध्या कपड्यात क्लासच्या रस्त्यावर थांबल्या, त्याच आठवड्यात पोराला धरलं, त्याच्या वडिलांना पोलीस स्टेशनला बोलावलं, आणि तो परत त्या रस्त्याला दिसला नाही. म्हणजे जे काम चार-सहा दिवसांत झालं त्यासाठी त्या लेकरानं दोन महिने एकटीनं सोसलं, आणि ते त्या पोराच्या भीतीनं नाही, घरच्यांच्या भीतीनं.

घरी तिनंच फोन करावा असं मी म्हटलं, ती माझ्यासमोर बसून बोलली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं वडील हजर. माणूस चांगला, आवाज चढवला नाही, हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमचा काही दोष नाही, पण मी लेकरू घेऊन जातो, शिकंल की गावाकडूनच." ती दाराशी उभी होती, तिथूनच म्हणाली, "पप्पा, मग इथून पुढं मी तुम्हाला काहीच सांगणार नाही." ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. चहा आला, तो घेतला, आणि जाताना तिच्या हातात पैसे देऊन एकटेच गेले. पोरीनं बारावी केली, पुढं फार्मसीला लागली.

सगळे वडील असे एकटे परत जात नाहीत. नेलेल्या पोरींचं पुढं काय होतं हे आपल्या भागात कोणाला सांगायची गरज नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 48 टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, बीडमध्ये जवळपास 44 टक्के. यातल्या कितीतरी घरांनी पोरीच्या काळजीपोटीच लग्न उरकलेलं असतं, विशेषतः आईवडील ऊसतोडीला जाणार आणि मागं पोरगी कोणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून. म्हणजे सुरक्षेसाठी शिक्षण थांबवलं आणि सतराव्या वर्षी बाळंतपण, ज्यात जिवाला धोका जास्त. म्हणून तुम्ही सेफ आहे का विचारता तेव्हा मला तुम्हाला उलट विचारावंसं वाटतं की तिनं काही सांगितलं तर तुम्ही तिला घरी नेणार नाही, असं तिला आजच तोंडावर सांगाल का? हे आधी सांगून ठेवा, बॅग भरायच्या आधी. घटना घडल्यावर सांगून उपयोग नसतो, तोवर तिनं लपवायला सुरुवात केलेली असते.

बरं, आता कॉलेज बघायला येणार असाल तर बिल्डिंग कमी बघा. ऑफिसात बसून अ‍ॅडमिशनवाल्याशी बोलू नका, तो सगळं आहेच म्हणतो. बाहेर झाडाखाली उभ्या असलेल्या दोन पोरींना विचारा की बाळांनो, कोणी त्रास दिला तर कोणाला सांगता? त्यांनी पटकन एखाद्या मॅडमचं नाव घेतलं तर समजा काम चालू आहे. प्रत्येक कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते, 2013 चा कायदा आहे आणि यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, 2015 चे नियम आहेत, अध्यक्ष म्हणून वरिष्ठ बाई असतात, बाहेरची एक व्यक्ती असते आणि विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. जुने लोक तिला अजून विशाखा समिती म्हणतात. बोर्डावर नावं आहेत का ते बघा, आणि त्यातल्या मॅडम तिथंच शिकवतात की रिटायर होऊन गेल्या तेही विचारा, कारण बोर्ड रंगवून वर्षानुवर्षं तसाच राहिलेला मी बघितलाय.

हॉस्टेल असेल तर रात्री तिथं झोपतं कोण हे विचारा. दिवसाची रेक्टर सगळ्यांना दाखवतात. रात्री एकच वॉचमन आणि तोही गेटबाहेर असेल तर दीड वाजता ताप भरलेल्या पोरीला दवाखान्यात कोण नेणार? खाजगी हॉस्टेलं तर बहुतेक राहत्या घरांचीच केलेली असतात, एक जिना, खिडक्यांना लोखंडी जाळ्या, गच्चीचं दार कुलूप लावून, सेफ्टी म्हणूनच. खालच्या मेसमध्ये सिलिंडर. आग लागली तर पोरी निघणार कुठून हे उभं राहून डोळ्यांनी बघा. महाराष्ट्रात फायर सेफ्टीच्या कायद्याप्रमाणं मोठ्या हॉस्टेलांना जानेवारी आणि जुलैत फायरची यंत्रणा चालू असल्याचं सर्टिफिकेट द्यावं लागतं, फॉर्म बी म्हणतात त्याला, मागायला लाजू नका. आणि पाणी. 2016 ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे तुम्हाला आठवत असेल, अजूनही उन्हाळा आला की टँकर सुरू होतात, टाकी कधी धुतली हे विचारा, कारण काविळीनं आणि टायफॉईडनं जेवढ्या पोरी आजारी पडून घरी गेलेल्या मी बघितल्या तेवढ्या दुसऱ्या कशानं नाही.

मोबाईल जमा करून घेणारं हॉस्टेल पालकांना फार आवडतं, मला पटत नाही. स्मार्टफोन नको असेल तर नको, पण साधा बटणाचा फोन तिच्याजवळ चोवीस तास पाहिजे आणि 112, म्हणजे पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा नंबर, कधी लावायचा हे तिला माहीत पाहिजे.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. मुलाच्या आईवडिलांनी मला हा प्रश्न जवळपास कधीच विचारलेला नाही. मुलगा म्हणलं की कॉट बेसिसवर एका खोलीत पाच-सहा जण, रेक्टर नाही, कोणी विचारणारं नाही, एका गाडीवर तिघं, हेल्मेट नाही. त्याला रॅगिंग होतं, मार खातो, नीट परीक्षेच्या टेन्शनमध्ये जेवण सोडतो, आणि घरी फोनवर "मजेत आहे" म्हणतो कारण पोरानं रडायचं नसतं. रॅगिंगसाठी महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, तक्रार आल्यावर प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची, आणि तक्रार येऊनही दुर्लक्ष केलं तर तेही गुन्ह्यात सामील धरले जातात. यूजीसीची हेल्पलाईन 1800-180-5522 रात्रंदिवस चालू असते. अ‍ॅडमिशनच्या वेळी अँटी-रॅगिंगचं हमीपत्र भरून घेतात, त्यात पालकांचंही असतं, नेट कॅफेवाला भरून देतो आणि आपण वाचत नाही, ते घरी आणून पोराला वाचून दाखवा. आणि मन फार खचलं असेल तर 14416, टेलिमानसचा सरकारी नंबर, फुकट आहे, मराठीत बोलतात. हा नंबर पोरींइतकाच पोरांच्याही फोनमध्ये सेव्ह करून द्या.

अजून एक. हॉस्टेल बघायला येतात ते वडील आणि मामा. जी राहणार ती घरी आणि तिची आईही घरी. ताई, 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तुम्ही या, पोरीला घेऊन या. बाथरूमची कडी लागते का, सॅनिटरी पॅड टाकायला डबा आहे का, ते बघायचं मामाच्या लक्षात येणार नाही आणि तुमची पोरगी मामासमोर विचारणारही नाही. रविवारी येऊ नका, कामाच्या दिवशी या, आणि संध्याकाळी साडेसहा-सातला क्लास सुटतात त्या वेळी क्लासपासून हॉस्टेलपर्यंत तिच्यासोबत चालत जा. दिवे कुठं बंद आहेत, ऑटो कुठं मिळतो, मध्ये कोणतं दुकान उशिरापर्यंत उघडं असतं, सगळं तिला दिसेल. त्या दुकानदाराशी दोन शब्द बोलून ठेवा. यायच्या आदल्या दिवशी मला फोन केलात तर मीही चालेन सोबत, फक्त मंगळवारी मला लेक्चर उशिरापर्यंत असतं.