टिकलीखालचा डाग

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. त्या दिवशी आशाताई एका मायलेकीला घेऊन आल्या. मुलीचं लग्न जुळलं होतं. पण साखरपुड्याच्या तोंडावर मुलाकडच्या बायकांना तिच्या कपाळावर पांढरा डाग दिसला आणि निरोप आला, "पोरीले कोड आहे."

डाग भुवयांच्या मधोमध, वाटाण्याएवढा, काठ अगदी रेखीव गोल. ना खाज, ना कधी लाली. ओठ, बोटांची टोकं, कोपर, गुडघे सगळं तपासलं. दुसरीकडे कुठेच काही नव्हतं. "टिकली कोणती लावतेस?" विचारल्यावर तिनं पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. त्यातली एक टिकली डागाशेजारी धरून पाहिली. माप तंतोतंत जुळलं.

मी बोलणार तेवढ्यात आई रडायला लागली. "म्याच देलं जी माह्या पोरीले. माह्यापासूनच लागलं." तिनं स्वतःची रुपयाएवढी टिकली काढली. खाली जुना, पार पांढराफटक डाग. तो वाढेल तशी ती आणखी मोठी टिकली आणायची. घरात नवऱ्यालाही तिनं कधी उघडं कपाळ दाखवलं नव्हतं.

आता मात्र मी थबकले. एका घरात दोघींना म्हणजे कोडच, असं कुणीही म्हणेल. कोडात आनुवंशिकतेचा भाग असतोच. मी आईला चपला काढायला सांगितल्या. दोन्ही पावलांवर रबरी पट्ट्याच्या जागी फिकट पट्टे होते, अंगठ्यापाशी एकत्र येणारे. कोड चपलेच्या पट्ट्याचं माप घेऊन येत नाही.

टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल नावाचं रसायन असू शकतं. रचनेनं ते शरीरातल्या टायरोसिन या अमिनो आम्लासारखं. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी टायरोसिनपासून मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात. त्याच वाटेनं हे रसायन आत घेतलं जातं आणि त्यातून बनणाऱ्या घातक पदार्थांनी त्या पेशी मरतात. अनेकदा पुरळ उठत नाही, म्हणून बाईला कळतही नाही. रबरातल्या काही रसायनांचंही असंच. रबरी हातमोज्यांमुळे कामगारांच्या हातांचा रंग गेल्याची नोंद अमेरिकेत १९३९ मध्येच झाली होती. जपानमध्ये २०१३ साली त्वचा उजळवणाऱ्या प्रसाधनांतल्या ऱ्होडोडेन्ड्रॉलमुळे हजारो बायकांना असे डाग पडले, तेव्हा कंपनीनं माल परत मागवला. माझ्या हातातल्या टिकल्यांच्या पाकिटावर मात्र डिंकात काय आहे याचा एक शब्द नव्हता. किंमत होती, देवीचं चित्र होतं. दिवसभर कपाळाला चिकटून राहणाऱ्या वस्तूबद्दल एवढीही माहिती बाईला मिळू नये, याचा मला खरोखर संताप येतो.

मी टिकली बंद करायला सांगितली. आई दचकली. "सवाशीण बाईनं उघडं कपाळ ठेवाव काय म्याडम?" हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. भांगापाशी, डागापासून दूर, कुंकवाचं एक बोट लावायचं असं ठरलं. रंग परत यायला मदत व्हावी म्हणून टॅक्रोलिमस मलम लिहून दिलं आणि मेडिकलमधून 'गोरं करणारी' स्टिरॉइडची ट्यूब आणायची नाही, हे दोनदा बजावलं. मुलीचा डाग नवा आहे, काही महिन्यांत भरण्याची आशा आहे. आईचा कदाचित पूर्ण भरणार नाही, हेही सांगितलं.

मग चिठ्ठी लिहिली: डाग चिकट टिकलीच्या संपर्कानं पडलेला दिसतो, सध्या कोडाची इतर लक्षणं नाहीत. लिहिताना हात अडखळत होता, कारण कोड असतं तरी काय बिघडलं असतं? ते लागत नाही, त्यानं संसार मोडत नाही. म्हणून खाली आणखी एक ओळ घातली: कोड हा संसर्गजन्य आजार नाही. शिक्का मारला.

मुलाकडचे चिठ्ठीवर थांबले नाहीत. यवतमाळच्या त्वचारोगतज्ज्ञांनाही दाखवा म्हणाले. मुलगी जायला तयार झाली, पण एका अटीवर: आईलाही तिथे तपासायचं. पुढच्या सोमवारी दोघी एसटीनं गेल्या.