राजाचा अज्ञातवास

६ फेब्रुवारी, रात्री

१६८५ साली आजच्याच तारखेला इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स गेला. शाळेच्या पुस्तकात तो मला एका ओळीपुरता भेटला होता: पोर्तुगालच्या कॅथरीनशी लग्न केलं, मुंबई आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये ती वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. मी मुंबईची, म्हणून त्या दहा पौंडांचा राग होता. आता त्याचं चरित्र वाचतेय, आणि मन अडकून पडलंय ते त्याच्या अज्ञातवासात.

राजाविरुद्ध उठलेल्या पार्लमेंटच्या लोकांनी वडिलांचा शिरच्छेद केला तेव्हा चार्ल्स अठरा वर्षांचा. १६५१ च्या सप्टेंबरात त्यांचा सेनापती क्रॉमवेल याच्याशी वुस्टरची लढाई हरला आणि पळाला. डोक्यावर हजार पौंडांचं बक्षीस. पेंडरेल नावाच्या गरीब भावांनी त्याचे केस कापले, त्याला लाकूडतोड्याचे कपडे घातले. सहा फुटांहून उंच माणूस, मापाचे जोडे मिळेनात, पाय रक्ताळले. बॉस्कोबेलच्या ओक झाडावर त्याने एक अख्खा दिवस काढला, खाली रानात सैनिक शोधत होते. पुढे मोझली हॉल या घरात जॉन हडलस्टन नावाच्या कॅथलिक पाद्र्याने त्याचे पाय धुऊन बांधले. सैनिक आले तेव्हा राजा लपला तो पाद्र्यांना लपवण्यासाठी केलेल्या चोरकप्प्यात. कॅथलिक पाद्री असणं हाच त्या प्रोटेस्टंट देशात गुन्हा होता.

सहा आठवड्यांनी तो फ्रान्सला पोचला. मग नऊ वर्षं परक्यांच्या दारी, आणि २९ मे १६६०ला, तिसाव्या वाढदिवशी, लंडनमध्ये राजा म्हणून पाऊल.

गादीवर आल्यावर पेंडरेलांना त्याने पेन्शन बांधून दिली. पण त्याच राज्यात क्रॉमवेलचं प्रेत उकरून फासावर लटकवलं गेलं. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं होतं. बापाला मारलं, हे खरं. तरी मला ते पटत नाही. पुढे प्लेग आला, मग १६६६ची आग. त्या आगीत तो स्वतः रस्त्यावर उतरून लोकांबरोबर पाणी टाकत होता, हे मात्र मला फार भावलं.

कॅथरीनला मूल झालं नाही. इतर स्त्रियांपासून त्याला पुष्कळ मुलं होती. ते दुःख तिने डोळ्यांसमोर सोसलं. तिला सोडा, असं दरबारात अनेकांनी सुचवलं. त्याने ऐकलं नाही.

शेवटच्या आजारात त्याला कॅथलिक व्हायचं होतं, पण राजाने तसं उघड करणं शक्यच नव्हतं. मागच्या जिन्याने, वेश बदलून, एका म्हाताऱ्या पाद्र्याला आत आणलं. तो हडलस्टनच होता. तेहतीस वर्षांपूर्वी त्याने राजाला लपवलं होतं, आता राजाच्या महालात तो स्वतः लपत आला.

कॅथरीन शोकाने इतकी खचली होती की तिला खोलीत थांबवेना. तिने क्षमेचा निरोप पाठवला. त्याने उलट कळवलं, क्षमा मीच तिची मागतो, मनापासून.