डबा कुणाला चाललाय?

बुधवार, रात्री

हाताला अजून वास येतोय. दोनदा साबण लावला, एकदा लिंबाची साल घासली, शेवटी आई म्हणाली म्हणून डाळीचं पीठ. तरी उजव्या हाताला कोपरापर्यंत मुरघासाचा आंबूस दर्प आहेच. गाईच्या पचनावरच्या पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे, एव्हाना सवय व्हायला हवी होती.

आज पहाटे उरुळीच्या पुढं, नेहमीच्या प्रक्षेत्रावर. चंद्रीला वैरण टाकायच्या आत पोचावं लागतं. तिच्या डाव्या कुशीत एक रबरी बूच बसवलंय, आमटीच्या वाटीहून जरा मोठं. ते काढलं की सरळ कोटीपोटात, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, हात. आत काय असतं हे शब्दांत सांगणं अवघड आहे. घंगाळातल्या कढत पाण्यात भिजलेला कडबा चाचपावा तसं लागतं, पण मिनिटाभरात ते सगळं घंगाळ हाताभोवती आवळतं आणि सैल होतं. पहिल्या वेळी मी दचकून हात बाहेर ओढला होता. आज चंद्री निवांत रवंथ करत होती. तिच्या लेखी मी तिथं नव्हतेच.

मूठभर चोथा काढायचा, मलमलीच्या चार पदरांतून पिळायचा आणि हिरवट तपकिरी पाणी थर्मासमध्ये भरायचं. थर्मास आधी गरम पाण्यानं शेकून घ्यायचा, कारण त्या पाण्यातल्या जिवांना ३९ अंश लागतात आणि हवा अजिबात चालत नाही. मग तासाभरात प्रयोगशाळा गाठायची. सरांची गाडी गॅरेजात, म्हणून आज दौंडकडून येणारी डेमू पकडली.

पुण्याच्या बाजूला सकाळच्या गाडीत थर्मास मांडीवर धरून बसलेली बाई म्हणजे घरातलं कुणीतरी ससूनला. समोरच्या मावशी कोथिंबिरीच्या जुड्या सारख्या करत बसल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "डबा कुणाला चाललाय? जास्त आहे का?"

"कुणी आजारी नाही मावशी. गाईच्या पोटातलं पाणी आहे."

"औषधाला?"

"नाही. त्यात जंतू असतात. ते काय करतात ते बघायचंय."

"काय करतात?"

"गॅस."

मावशींनी शेजारणीकडं पाहिलं. "तेवढ्यासाठी पुण्याला नेतीस होय?"

मांजरीच्या अलीकडं गाडी सिग्नलला उभी राहिली ती राहिलीच. थर्मासचं झाकण सुसू करायला लागलं. आतली मंडळी कामाला लागली होती, वायूला वाट हवी होती, आणि सांडू नये म्हणून झाकण मी घट्ट आवळून ठेवलं होतं. जरा सैल करायला गेले तर फुस्स करून थोडं माझ्या ओढणीवर आणि थोडं मावशींच्या कोथिंबिरीवर. अख्ख्या डब्यानं पदर नाकाला लावले. मी दोन जुड्या विकत घेतल्या. माणुसकी म्हणून नव्हे, लाजेनं.

प्रयोगशाळेत पोचले तेव्हा पाणी ३३ अंशांवर आलं होतं. तरी सिरिंजा भरल्या.

गुरुवार

फुकट गेलं.

काचेच्या शंभर मिलीच्या सिरिंजा, दट्ट्याला व्हॅसलीन, प्रत्येकीत २०० मिलिग्रॅम दळलेला चारा, वर ते पोटातलं पाणी मिसळलेलं तीस मिली द्रावण, चोवीस तास ३९ अंशांवर. दट्ट्या जितका वर सरकेल तितका वायू. सोबत एक ओळखीचं गवत लावतो, त्याचा वायू साधारण किती यायला हवा हे आधीच ठाऊक असतं. ते गवतच निम्म्यावर अडकलं, म्हणजे पाण्यातले जीव वाटेतच थकले. चाळीस सिरिंजा धुवायला मला तीन तास लागले. या विषयात येऊ पाहणाऱ्यांना कुणी सांगत नाही, पण 'हवामानबदलावरचं संशोधन' म्हणजे बरंचसं हेच: काच घासणं.

मी हिरड्यावर काम करते: गाईच्या पोटात होणारा मिथेन, म्हणजे हवा तापवणारा वायू, त्यानं किती घटतो ते बघते. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातून गोळा होतो तो. इज्जतनगरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत यावर पूर्वी काम झालंय, प्रयोगशाळेत हिरड्यानं मिथेन कमी होतो हे दिसलेलं आहे. कारण त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण आणि शरीरक्रिया संस्थेनं टॅनिनवाल्या झाडपाल्यापासूनच 'हरित धारा' हे पूरक खाद्य काढलं, त्यानं १७ ते २० टक्के मिथेन घटतो असं त्यांचं सांगणं. म्हणजे वाट नवी नाही. मला एवढंच बघायचंय की किती घातलं की वायू घटतो, आणि किती घातलं की गाईचं पचनच बसतं.

हा दुसरा भाग लोकांच्या लक्षात येत नाही. परवा सेमिनारमध्ये एकानं माझा आलेख बघून टाळी वाजवली: मिथेन खाली! अरे, पण पचनही खालीच आहे की. चारा फुटलाच नाही तर वायू कुठून येणार? गाय उपाशी ठेवली तरी मिथेन शून्याकडं जातो.

आईला समजावताना मी पंगतीचं उदाहरण देते. कोटीपोटात पंगतीमागून पंगत बसत असते. जंतू चारा फोडतात, त्यात हायड्रोजन उरतो, त्या उष्ट्या पत्रावळी. मिथेन करणारे जीव त्या उचलतात, कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन करतात आणि गाय तो ढेकरेतून सोडते (मागून नव्हे, बहुतेक सगळा तोंडातूनच, हा विनोद ऐकून ऐकून मी दमले). आता उष्टी काढणाऱ्यांना हाकललं आणि त्या पत्रावळींची दुसरी सोय लावली नाही, तर पुढची पंगत बसेल कशी? सोय आहे, प्रोपिओनेट नावाचं आम्ल, जे गाईच्या अंगी लागतं. तिकडं हायड्रोजन वळवता आला तर गाईचाही फायदा. एरवी खाल्लेल्या ऊर्जेतली २ ते १२ टक्के अशीच ढेकरेतून उडून जाते.

आई म्हणाली, "मग स्थळाच्या माहितीपत्रकात 'उष्टी काढते' असं लिहू का?"

शुक्रवार

बारामतीकडच्या एका मुलीचा मेसेज आलाय. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, कुणाकडून तरी माझा नंबर मिळाला. "ताई, जनावरांच्या मिथेनवर संशोधन करायचं आहे. यात करिअर आहे का?" खाली हात जोडलेले.

दुपारभर मनात उत्तर जुळवत होते. सरळ उत्तर असं की काम चिक्कार आहे, खुर्च्या मोजक्या आहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशात गोवंश १९.३५ कोटी आणि म्हशी १०.९८ कोटी. शेतीतून जे हरितगृह वायू निघतात त्यांत अर्ध्याहून जास्त वाटा या ढेकरांचा. आणि मिथेनची गोष्ट अशी की शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट तापवतो, पण हवेत टिकतो साधारण बाराच वर्षं. म्हणून आज कमी केला तर फरक आपल्या डोळ्यांदेखत पडेल. एवढ्या जनावरांपैकी श्वसनकक्षात, म्हणजे सुटलेला वायू मोजायच्या बंद खोलीत, उभं करून नीट मोजलेली किती असतील? माझ्या अंदाजानं फारच थोडी. बाकी सगळा हिशेब सूत्रावर चालतो.

तिनं पशुपोषण घ्यावं, सूक्ष्मजीवशास्त्र घ्यावं, नाहीतर संख्याशास्त्र घेऊन मोजणीच्या बाजूला जावं. माझं मत तिसऱ्याला, कारण तिकडं माणसंच नाहीत. कृषी संशोधन सेवेची परीक्षा द्यावी. पुण्यात राहूनही शिकता येतं: आघारकर संशोधन संस्थेत नेमके उलटे जीव आहेत, मिथेन खाणारे, भातखाचरातून वेगळे केलेले. त्यातला एक काकडीच्या आकाराचा, म्हणून त्याच्या नावातच 'क्युक्युमिस' आहे. हे तिला नक्की आवडेल.

पण बाकीचं सांगू का? नेटची परीक्षा झाली की जेआरएफ या शिष्यवृत्तीचे महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,००० हे कागदावर. माझे चार महिन्यांचे अडकलेत आणि विचारलं की उत्तर येतं, 'फाईल वर आहे'. वर म्हणजे कुठं, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय. बरोबरचा मित्र कार्बन क्रेडिटच्या सल्लागार कंपनीत गेला. गाईला हात न लावता तो माझ्या तिप्पट कमावतो.

सर म्हणतात, न्यूझीलंडला अर्ज कर. तिथं एकूण उत्सर्जनातला जवळपास निम्मा वाटा शेतीचा, त्यामुळं पैसाही तिकडं. पामरस्टन नॉर्थला मेंढ्यांसाठी श्वसनकक्ष आहेत, कमी मिथेनवाले मेंढे निवडून पैदास करतात. तिथंही सगळं गोडीगुलाबीनं झालंय असं नाही. २००३ मध्ये जनावरांच्या वायूवर कर लावायचं घाटत होतं तेव्हा एका खासदारानं ट्रॅक्टर संसदेच्या पायऱ्यांवर चढवला होता. अर्ज निम्मा भरलाय. एका रकान्यात अडकलेय: 'तुमच्या संशोधनाचा उपयोग प्रत्यक्षात कोण करणार?'

रविवार, यवतहून परत आल्यावर

मामाकडं गेले होते. गोठ्यात सहा जनावरं. सगळ्या संकरित गाईंना तो जर्शीच म्हणतो, होल्स्टीन असली तरी. गव्हाणीत मक्याची कुट्टी, वर सरकी पेंड. मी हिरड्याची भुकटी दाखवली. त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं. "माझंच तोंड आवळलं. गाय खाईल का?"

"पेंडीत मिसळून देतात."

"रोज?"

"रोज."

"दूध वाढतं?"

मी म्हटलं, कदाचित थोडं. खात्रीनं सांगता येत नाही. मिथेन कमी होतो हे मात्र…

"तो दुधाच्या बिलात दिसतो का? फॅट दिसतं, एसएनएफ दिसतं. तुझा गॅस कुठल्या रकान्यात घालतात?"

युरोपानं २०२२ मध्ये आणि अमेरिकेनं २०२४ मध्ये परवानगी दिलेलं एक खाद्यपूरक आहे, दुभत्या गाईंत साधारण ३० टक्के मिथेन कमी करणारं. पण ते पोटात सतत थोडं थोडं जावं लागतं. तिकडं यंत्रानं कालवलेलं खाद्य दिवसभर समोर असतं. आमच्याकडं सकाळी कुट्टी, दुपारी बांधावर सोडणं, संध्याकाळी मिळेल ते. ग्लासगोला २०२१ मध्ये मिथेन ३० टक्के घटवायचा जागतिक करार झाला, त्यावर भारतानं सही केली नाही. लहान शेतकऱ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे म्हणून. मामाच्या गोठ्यात उभं राहिलं की ते कारण पटतं. आणि सिरिंजा धुताना पटत नाही. दोन्ही खरं आहे.

मी मामाला लिटरमागचा हिशेब सांगितला. आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत आपल्याकडच्या दुभत्या गाईला वर्षाला ५८ किलो मिथेन धरलाय. वर्षाला हजार लिटर देणारी असेल तर लिटरमागं ५८ ग्रॅम. तुझ्या जर्शीसारखी जास्त खाते, मिथेनही जास्त सोडते, पण दूध कितीतरी पट, म्हणून लिटरमागं कमी. म्हणजे चांगला चारा, संतुलित खुराक, वेळेवर गाभण राहणं, हेच मोठं औषध. हिरडा नंतर.

मामा ऐकत होता. मग कोपऱ्यातल्या तांबड्या गाईकडं बोट केलं. "आणि हिचं किती?"

ती दोन वर्षं सारखी उलटतेय, गाभणच राहत नाही. तीनदा भरवली, डॉक्टर झाले, भाकडच. खाते मात्र बाकीच्यांइतकंच. विकायची म्हटलं तर घेतो कोण? २०१५ चा गोवंश हत्याबंदीचा कायदा आल्यापासून बैलांचाही बाजार बसला. सोडून द्यायला त्याचं मन होत नाही, तिच्या पहिल्या वेताच्या दुधावर त्याच्या पोराची फी भरलेली आहे.

"हिला भागायला लिटरच नाहीत मामा," मी म्हटलं. "शून्यानं भागता येत नाही."

"मग लिहितेस काय?"

लिहितात ते 'इतर' या रकान्यात. २७ किलो. गोठ्यातल्या सहा जनावरांतलं एक 'इतर'. गावात अशी किती? मी चार वर्षं जिच्या पोटात हात घालतेय ती चंद्री तरुण, निरोगी, वेळेवर वैरण मिळणारी गाय आहे. तांबडीच्या पोटात कुणी हात घातलेला नाही. तिच्यावर प्रबंध होत नाही. प्रकल्पाच्या प्रस्तावात 'भाकड गाय' लिहिलं तर समितीतले हसतील, नाहीतर घाबरतील. कायदा बरा की वाईट हा माझा प्रांत नाही. पण ती वारंवार का उलटते, खनिजं कमी पडतात का, माज ओळखण्यात चूक होते का, हे तर माझ्याच शेजारच्या विभागाचं काम आहे. ती गाभण राहिली असती तर जेवढा फरक पडला असता, तेवढा माझ्या डबाभर हिरड्यानं पडणार नाही. हे आज पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं, आणि जरा राग आला. कुणावर ते कळलं नाही.

निघताना मामानं भुकटीचा डबा ठेवून घेतला. "पोटफुगीला चालेल," म्हणाला. नको म्हटलं मी, त्यानं ऐकलं नाही.

घरी येऊन न्यूझीलंडचा अर्ज उघडला. तो रकाना अजून रिकामाच आहे. तांबडीचं काय लिहायचं तिथं?

मग त्या मुलीला उत्तर लिहिलं. करिअरचं काही लिहिलं नाही. बुधवारी पहाटे साडेपाचला उरुळी स्टेशनवर ये, म्हटलं. अर्ध्या बाह्यांचा जुना ड्रेस घाल. येताना एक चांगला थर्मास मिळाला तर बघ, माझा गळतोय. आणि गाडीत कुणी विचारलं तर सांग, आजीचा डबा आहे.